बोल्ट आणलास, नट कुठंय?

उद्याचा शनिवार झाला की छबूबाई वर्ग बंद करणार आहेत, आणि त्याला कारण माझी एक चिठ्ठी आहे. तीन दिवस झाले, हे डोक्यातून जात नाही. कणीक मळताना आठवतं, लेकीच्या, योगिनीच्या, कपाळाला हात लावून ताप बघताना आठवतं. आता घरातले सगळे झोपलेत आणि मी तिच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसले आहे. जे झालं ते एकदा ओळीने मांडलं तर काही मार्ग दिसेल असं वाटतं.

छबूबाई भोसरीच्या गावठाणामागे, आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. साठी ओलांडलेली एकटी बाई. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं त्या तयार माल तपासायच्या. आता रोज संध्याकाळी पाच ते साडेसात त्यांच्या खोलीत आणि ओट्यावर मिळून चौदा मुलं बसतात, दुसरीपासून सातवीपर्यंतची. कुणाचे आईबाप बीडचे, कुणाचे चिपळूणकडचे, बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या शिफ्टला जाणारे. येणाऱ्याने बसायला स्वतःचं पोतं आणायचं, एवढीच अट. मुलं त्यांना मावशी म्हणतात.

मी परभणीला बी.एड. केलं. लग्नानंतर इकडे आले, नवनाथला चाकणला कंपनीत काम लागलं, योगिनी झाली, आणि शिकवायचं राहूनच गेलं. मग मी सगळं योगिनीवर काढलं. ती तिसरीत होती. रोज संध्याकाळी तिला गणित घेऊन बसवायचे. ती उत्तर सांगायची आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघायची. माझी भुवई जरा हलली की उत्तर बदलायची. बारा. नाही, चौदा. मग सोळा? माझा चेहरा सैल पडला की थांबायची. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ही पोर गणित करतच नाही, ती मला वाचते. आणि त्यात ती फार हुशार होती. शाळेत बाईंना वाचायची, घरी मला. कागद एकटीसमोर आला की तो कोराच राहायचा.

शेजारच्या वर्षालीची मुलगी मिनल सहावीत आहे. ती छबूबाईंकडे जायची. वर्षाली म्हणाली, पाठवून तर बघा, नाही पटलं तर काढा. मी पहिल्या दिवशी दारात उभी राहिले, कारण माझा कुणावर विश्वास नसतो.

योगिनीने चौऱ्याऐंशी भागिले सहा केलं. चौदा आलं. वही पुढे केली आणि सवयीने छबूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर काहीच नव्हतं. ना बरोबर, ना चूक. त्यांनी शेजारच्या पत्र्याच्या ट्रेमधून एक बोल्ट उचलला आणि तिच्या हातात ठेवला.

"बोल्ट आणलास, नट कुठंय?"

योगिनीला कळेना. मलाही कळेना. बाकीची मुलं मात्र आपापलं करत राहिली, जणू हा प्रश्न रोजचाच. मग छबूबाईंनी सांगितलं की बोल्ट नुसता बघून चांगला आहे की वाईट हे कळत नाही, चकचकीत तर सगळेच असतात. नट घालून बघायचा. शेवटपर्यंत फिरला तर बोल्ट बरोबर. उत्तराचं पण तसंच. दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जाऊन त्याच ठिकाणी पोचलीस तर ये. नाही तर बस.

योगिनी त्या दिवशी रडत घरी आली. दुसऱ्या दिवशीही. मी तिला काढणारच होते. तिसऱ्या दिवशी तिने ट्रेमधले नट घेऊन जमिनीवर चौदा-चौदाच्या सहा ओळी मांडल्या, एकेक मोजला आणि चौऱ्याऐंशीवर बोट ठेवून थांबली. या वेळी तिने कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. छबूबाईंनी पेंटचा मार्कर काढून पानाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिला. पास झालेल्या मालावर देतात तसा. घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, चौदाच आहे. तू नाही म्हणालीस तरी चौदाच आहे."

मी बी.एड.ला जे दोन वर्षं पाठ केलं होतं ते असं माझ्या घरात चालत येईल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी अधूनमधून जाऊन ओट्याच्या कडेला बसायला लागले. फळा नव्हता. खोडरबराला बंदी होती. चुकलेलं गणित खोडायचं नाही, ते पान फाडून कोपऱ्यातल्या लाल क्रेटमध्ये टाकायचं. वर्कशॉपमध्ये नापास माल तशाच लाल क्रेटमध्ये टाकतात. मात्र टाकण्याआधी त्याला लाल चिठ्ठी जोडायची, आणि तिच्यावर ज्याची चूक त्यानेच तीन गोष्टी लिहायच्या: काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. शनिवारी तो क्रेट जमिनीवर उपडा करायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. पाचवीतल्या गणराजची एक चिठ्ठी तर वस्तीभर झाली. हातचा विसरलो. कारण, कुल्फीवाल्याची घंटा वाजली. पुढच्या वेळी घंटा वाजली तर पेन्सिल खाली ठेवायची आणि कुल्फीवाला गेल्यावर उचलायची. मुलं लोळून हसली. गणराजही हसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखं काही तरी होतं.

इंग्रजीचं तर मला फारच आश्चर्य वाटायचं. सनी नावाचा सातवीतला मुलगा धड्याचं एक पान आत बसून वाचायचा, मिनल तेच पान ओट्यावर. मग एकेकाने येऊन मावशींना ते मराठीत सांगायचं, दुसऱ्याला ऐकू न जाता. दोन गोष्टी जुळल्या तर ठिपका. एकदा सनीच्या गोष्टीत म्हातारा मेला आणि मिनलच्या गोष्टीत तो झोपला. छबूबाई दोघांना म्हणाल्या, "मेला का झोपला ते नक्की करून या. तवर मला चैन पडायचं न्हाई." पाऊण तास सगळा वर्ग शब्दकोश घेऊन त्या म्हाताऱ्याच्या मागे होता. शेवटी म्हातारा झोपलेलाच निघाला आणि छबूबाईंनी खरोखर सुस्कारा सोडला. मला वाटलं, काय अभिनय करतात मुलांसाठी.

तो अभिनय नव्हता, हे मला मंगळवारी कळलं.

योगिनीला रविवारपासून ताप येत होता. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी संध्याकाळी रक्त तपासून घ्या. मला दुपारी थेरगावला नणंदेकडे जाणं भाग होतं. दुपारी ताप उतरलेला होता, म्हणून तिला संध्याकाळभर घरी एकटी ठेवण्यापेक्षा पाचला वर्गाला जायला सांगितलं आणि हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं: योगिनीला ताप आहे, तिला साडेपाचला, वर्षाली कामावरून आली की, मिनलच्या घरी पाठवा, तिथे पडू दे, मी आले की तिला रक्त तपासायला न्यायचं आहे. चार घरं चालत जाऊन तोंडाने सांगता आलं असतं. मला लिहून देणं जास्त पक्कं वाटलं.

डांगे चौकातून निघालेली बस नाशिक फाट्याजवळ अडकली. मी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. वर्षालीकडे गेले तर योगिनी आलेलीच नव्हती. धावत वर्गात गेले. ती भिंतीशी पोत्यावर बसली होती, डोळे तांबडे, ओठ सुकलेले, आणि समोर वही उघडी. हात लावला तर चटका बसला.

मी छबूबाईंना विचारलं की माझी चिठ्ठी मिळाली नाही का. त्यांनी शांतपणे फडताळातल्या डब्यातून ती काढून दिली. तिच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता.

मी म्हणाले, यात काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, योगीला उशिरापर्यंत बसू द्या असं लिहिलंय. मी म्हणाले, असं कुठं लिहिलंय? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग योगिनीकडे बघितलं, आणि मी योगिनीच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा मला सगळं कळलं. तिला सुईची भयंकर भीती. तिने चिठ्ठी उघडून छबूबाईंना वाचून दाखवली होती, पण जे लिहिलं होतं ते नाही.

"पण तुम्ही वाचली नाहीत?"

"मला वाचता येत न्हाई, योगीची आई."

घरात साखर संपलीय म्हणावं, तेवढ्या सहज त्या बोलल्या. मी वळून मुलांकडे बघितलं. मला वाटलं आता यांना धक्का बसेल. एकही चेहरा हलला नाही. गणराज जरा चकित झाला होता, पण माझ्याकडे बघून. "काकू, तुम्हाला माहीत नव्हतं?"

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. म्हणूनच तर मुलं मावशींना वाचून दाखवत होती. त्यांना ते लपवावंसं वाटलं नव्हतं आणि सांगावंसंही वाटलं नव्हतं. मावशीला वाचता येत नाही, आपल्याला येतं, म्हणून आपण वाचायचं. चौदा घरांतल्या शिकल्यासवरलेल्या मोठ्या माणसांपैकी मात्र कुणाला हे दिसलं नव्हतं.

माझं डोकं तेव्हा तापलेलं होतं. त्या मुलांसमोर मी त्यांना म्हणाले, "मग शिकवता कसं? सगळ्यांना फसवताय तुम्ही." छबूबाई चिठ्ठीवरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होत्या.

योगिनीला उचलून दवाखान्यात नेलं. ताप एकशेतीन होता. रक्त दिलं. बुधवारी दुपारी रिपोर्ट आला, डेंग्यू नव्हता, साधाच ताप होता. रिपोर्ट हातात आल्यावर माझा राग ओसरला आणि आपण काय बोललो ते आठवायला लागलं. मी छबूबाईंकडे गेले.

वर्गाला अजून वेळ होता. त्या एकट्या बसून ट्रेमधले नटबोल्ट पुसत होत्या. त्यांनी पहिल्यांदा योगिनीचं विचारलं. मी सांगितलं. मग मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि पोतं सरकवून दिलं. त्या दिवशी त्या माझ्याशी जेवढं बोलल्या तेवढं दीड वर्षात बोलल्या नव्हत्या.

त्यांचं माहेर मावळात, कामशेतच्या पुढे. शाळा ओढ्यापलीकडे होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन पोचवायचं आणि सुटेपर्यंत बाहेर थांबायचं, हे त्यांचं काम. त्या भिंतीला बाहेरून टेकून बसायच्या. आत मास्तर विचारायचे आणि पोरं एका सुरात ओरडून उत्तर द्यायची. त्या म्हणाल्या, त्या ओरडण्यात कोण खरंच म्हणतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय हे त्यांना बाहेर बसून कळायचं. मास्तरांना आत बसून कळायचं नाही.

सतराव्या वर्षी लग्न होऊन भोसरीत आल्या. नवरा सोनबा वर्कशॉपमध्ये मदतनीस होता. मूलबाळ झालं नाही. लग्नाच्या नवव्या वर्षी सोनबा काविळीने गेला आणि त्याच वर्कशॉपमध्ये यांना झाडलोटीचं काम मिळालं. एकदा दोन जातींचे बोल्ट एकत्र झाले. आटे इतके सारखे की डोळ्याला फरक कळेना. मालक म्हणाला, द्या भंगारात. छबूबाईंनी एक चांगला नट मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत, सुटल्यावर, तीन दिवस बसून दोन पोती माल एकेक करून निवडला. चौथ्या दिवसापासून त्यांच्या हातातला झाडू गेला आणि त्या तपासणीच्या टेबलावर बसल्या.

आकडे त्या मापाच्या पट्टीवरून शिकल्या. अक्षरं राहून गेली. तिथली एक मुलगी शिकवते म्हणाली होती, पण सुटल्यावर घरी पाणी भरायचं असायचं, आणि मग तीही लग्न होऊन गेली. कागदावर दुसरं कुणी लिहायचं, छबूबाई ठिपका द्यायच्या. सव्वीस वर्षं.

"मी कदी एक पीस बनवला न्हाई," त्या म्हणाल्या. "मला बनवता येतच न्हाई. पण चुकीचा पीस माझ्या हातातनं सुटला न्हाई."

वर्ग कसा सुरू झाला ते मी विचारलं. मिनल तेव्हा दुसरीत होती. एका संध्याकाळी ती वही घेऊन यांच्या ओट्यावर रडत बसली होती. यांनी विचारलं काय झालं, ती म्हणाली गणित. यांनी विचारलं, बरोबर आहे का? ती म्हणाली माहीत नाही, बाई उद्या सांगतील. छबूबाईंना ते फार चमत्कारिक वाटलं. त्या तिला म्हणाल्या, बनवणाऱ्यालाच माहीत न्हाई तर मग कुणाला माहीत? आणि घरातून नटबोल्ट आणून दिले. दुसऱ्या दिवशी मिनल आणखी दोघांना घेऊन आली.

मी ऐकत होते आणि एकेक गोष्ट जागेवर बसत होती. योगिनीला त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही, कारण तिथे उत्तर नव्हतंच. चौऱ्याऐंशीला सहाने भागलं की काय येतं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हातारा मेला की झोपला हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ज्या घरात उत्तर आधीच कुणाकडे तरी असतं तिथे मूल त्या माणसाकडे बघतं. इथे बघायला कुणी नव्हतं, म्हणून मुलं वहीकडे बघायला शिकली. परीक्षेत मी एक उत्तर लिहिलं होतं: शिक्षकाने ज्ञान देऊ नये, ज्ञान घडण्यासाठी परिस्थिती निर्माण करावी. पंधरापैकी अकरा मिळाले होते. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. आज त्याला एक पत्र्याचा ट्रे आहे, लाल क्रेट आहे, आणि पाचवारीचा पदर खोचून बसलेली एक बाई आहे, जिला हे वाक्य वाचता येणार नाही.

हे मी त्यांना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या की ते असू दे, पण शनिवारी क्रेट रिकामा करणार आणि वर्ग थांबवणार. मला वाटलं माझ्या बोलण्यामुळे. त्या म्हणाल्या, "वाचता येत न्हाई ते आजचं न्हाई. त्यासाठी न्हाई थांबवत."

मग त्यांनी कारण सांगितलं. कंपनीत बाहेरून कच्चा माल यायचा. सोबत सहीचा कागद असला की तो माल न तपासता आत घ्यायचे. त्यांना ते कधी पटलं नव्हतं, कागद काय कुणीही देतो. आणि मंगळवारी त्यांनी स्वतः तेच केलं. दुसरी कुठलीही चिठ्ठी असती तर त्यांनी सनीला बाहेर पाठवून वेगळी वाचून घेतली असती. ही शिकलेल्या आईची चिठ्ठी, वाचणारी तिची स्वतःची लेक.

"म्हटलं, ह्याला काय तपासायचं. ठिपका दिला. पोरगी तापानं फणफणत हुती आणि मी हात बी लावला न्हाई." त्यांनी तळहात उघडून त्याच्याकडे पाहिलं. "ह्या हातानं सव्वीस वर्षं माल वळखला. ज्याच्या हातातनं पीस सुटतो त्यानं ठिपका देऊ नये, योगीची आई."

मी म्हणाले, असं नका करू. हे वाक्य किती हलकं आहे ते मला म्हणतानाच कळलं. त्यांना समजूत नको होती. त्यांना नट हवा होता, आणि माझ्याकडे नुसता बोल्ट होता.

काल नवनाथ दुसऱ्या शिफ्टहून आल्यावर त्याला वाढताना मी हे सगळं सांगितलं. तो आधी हसला. म्हणाला, एक पीस सुटला म्हणून तपासणाऱ्याला घरी बसवायचं ठरवलं तर चाकणला एकही कंपनी चालणार नाही. मग भाकरी मोडत जरा गंभीर झाला. म्हणाला की पीस सुटला की माणसाला नाही विचारत, वाटेला विचारतात. कुठून सुटला, आणि ते भोक बुजवायचं कसं. आणि पहिली चौकशी माल पाठवणाऱ्याची होते.

"माल कुणी पाठवला होता?" तो म्हणाला.

मी भाकरी वाढली. त्याने आमटी मागून घेतली. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्यापाशीच आहे. लेकीला सुईची भीती आहे हे मला माहीत होतं. तिच्याच हातात मी घडी घालून तो कागद दिला. माझं तोंड होतं, चार घरांचं अंतर होतं. माझा कागदावर विश्वास होता, माणसांवर नव्हता. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले होते, तीच मी.

आज संध्याकाळी योगिनीचा ताप पूर्ण गेला. पाच दिवसांनी पोटभर जेवली. झोपायच्या आधी माझ्याजवळ आली आणि एक लाल कागद पुढे केला. दप्तरात तिने वर्गातल्या दोनतीन कोऱ्या लाल चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं:

"काय चुकलं: आईची चिठ्ठी मी खोटी वाचली. का चुकलं: मला सुई नको होती आणि मावशीला वाचता येत नाही हे मला माहीत होतं म्हणून. पुढच्या वेळी: चिठ्ठी कुणाची पण असूदे, दोघांनी वेगवेगळी वाचायची. आईची पण."

दुसऱ्या ओळीवर माझी नजर थांबली. मोठी माणसं सुद्धा आपल्या चुकीच्या इतक्या आत जात नाहीत. शेवटची ओळ मी तिथेच उभी राहून पुन्हा वाचली. छबूबाईंना मी जे देऊ शकले नव्हते ते माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने लिहून आणलं होतं. आणि हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नव्हतंच सांगितलं, मी तिला फक्त ओरडले होते.

मी म्हणाले, उद्या मावशींना ही वाचून दाखव. ती म्हणाली, "मी वाचली तर त्यांना खरं कसं वाटेल? मी मागच्या वेळी पण वाचलीच होती."

मी उत्तर शोधत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. चिठ्ठीकडे बघत होती. मग स्वतःच म्हणाली, "मी वाचते आणि बाहेर जाते. मग तू वाच. आपलं दोघींचं जुळलं तर त्यांना कळेल."

ती झोपली. एक लाल चिठ्ठी मी तिच्याकडून मागून घेतली आहे. गेला तासभर ती समोर आहे. बी.एड.च्या परीक्षेत मी चार-चार पुरवण्या लावायचे, आणि या तीन ओळी लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. आता लिहून झालं आहे. काय चुकलं: बोलायचं ते लिहून दिलं, आणि ज्यांना आधी विचारायला हवं होतं त्यांनाच नंतर बोल लावला. का चुकलं: ज्याला वाचता येतं त्यालाच कळतं असं मला वाटत होतं. पुढच्या वेळी: पोतं घेऊन वर्गात बसायचं, आणि मुलांनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर असलं तरी ते तोंडावर दिसू द्यायचं नाही. ते मला अजून जमत नाही. छबूबाईंनी शिकवलं तर जमेल.

सहाला नळाला पाणी येतं, तेव्हा छबूबाई उठलेल्याच असतात. मोटर लावून पिंप भरलं की योगिनीला उठवणार आहे आणि चार घरं चालत छबूबाईंकडे जाणार आहे. आधी योगिनी तिची चिठ्ठी वाचेल आणि ओट्यावर जाऊन उभी राहील. मग तीच चिठ्ठी मी वाचेन, एक शब्द इकडेतिकडे न करता. त्यानंतर माझी चिठ्ठी मी वाचेन, आणि योगिनीला आत बोलावून तिच्याकडून तीच वाचून घेईन. जुळतं की नाही ते छबूबाईंनी ठरवायचं. ठिपका देतील की नाही, आणि शनिवारी क्रेट रिकामा केल्यावर सोमवारी पोती परत अंथरायची की नाही, ते मला माहीत नाही.